ब्रीडबाईंच्या आरशातलं मोरपीस

हिरव्या-निळ्या डोळ्याचं एक मोरपीस माझ्या भूगोलाच्या पुस्तकात, दोन पानांच्या मधे, चपटं होऊन पडलेलं असायचं. नाशिकच्या मावशीनं पाठवलेलं. नॉटिंगहॅमच्या ओल्या, राखाडी हिवाळ्यात, चहाच्या वेळेलाच अंधार दाटून यायचा आणि खिडकीच्या काचांवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळायचं, तेव्हा मी पुस्तक उघडून त्या डोळ्यावरून बोट फिरवत बसायचे... आणि आई म्हणायची, "सारखं हाताळू नकोस गं. विद्या असते त्यात."

आई एका नाटकगृहात कपडे शिवायची. रंगमंचामागे, जिन्याखाली तिची खोली होती. शाळा सुटली की मी तिथेच. वाफेच्या इस्त्रीखालच्या ओलसर लोकरीचा वास, खळीचा, खडूचा, आणि एखाद्या जुन्या कोटात मुरलेला परक्या माणसाचा घाम — कापड हाताशी काय बोलतं ते मी त्या टेबलाखाली चिंध्यांत बसून शिकले. आज माझा स्वतःचा कापडाचा धंदा आहे. गिऱ्हाइकं मला तोंडाळ म्हणतात, आणि ते खोटं नाही.

त्या खोलीत ब्रीड यायची. आयर्लंडहून आलेली, रुंद खांद्यांची नटी. वर्षानुवर्षं तिच्या वाट्याला दार उघडणाऱ्या मोलकरणीच आल्या होत्या, कारण तोंड उघडलं की तिचं गाव बाहेर पडायचं. आईसाठी ती ब्रीडबाई.

"ब्रीडबाई, स्टँड स्ट्रेट," आई दातांत टाचण्या धरून दटावायची.

"सूमन, तुझ्या चिवड्यानं माझी कंबर वाढतेय." आईचं नाव ती असंच लांबवून घ्यायची.

"वाढू दे. आय हॅव क्लॉथ!"

मग दोघी हसायच्या, आणि आईच्या तोंडातली एखादी टाचणी हमखास खाली पडायची. ती शोधायचं काम माझं.

एका हिवाळ्यात ब्रीडला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली, एका विधवेची. आईनं तिच्यासाठी काळा लोकरी झगा शिवला. शेवटच्या मापाला ब्रीडचे हात बर्फासारखे गार होते. "हे पडलं ना, सूमन, तर मी परत दारं उघडायला."

त्या रात्री आईनं माझं मोरपीस मागितलं.

"ते माझंय!" मी पुस्तक छातीशी धरलं.

"तुला दुसरं मागवू. आत्ता तिला गरज आहे."

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी, तापलेल्या बल्बांच्या आणि पावडरच्या उग्र वासात, मी ते ब्रीडच्या हातात दिलं. ती क्षणभर त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मग हसली, आणि स्वतःच्या हातानं तिनं ते आरशाच्या चौकटीत खोचलं. "आता मला कोण हरवणार?"

दुसऱ्या अंकात ती रंगमंचावर एकटी होती. हातात मेलेल्या नवऱ्याचा कोट. आता ती बोलणार... आता... विंगेतून कुणीतरी कुजबुजत वाक्य दिलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. प्रेक्षकांत कुणी खोकलं. मागच्या रांगेतून हसण्याचा एक बारीक आवाज आला. आईची बोटं माझ्या खांद्यात रुतत गेली. ब्रीडचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. शेवटी पडदा पाडला.

आई आणि मी तिच्या खोलीत पोचलो, तोच व्यवस्थापक ओरडत आत शिरला. आरसा दिसला आणि तो थबकला.

"हे इथं कुणी आणलं? मोराचं पीस! नाटकगृहात!"

आम्हाला कुठून ठाऊक असणार? जे आमच्याकडे सरस्वतीचं, ते इथल्या नाटकवाल्यांचा सगळ्यात मोठा अपशकुन. पण ब्रीडला ठाऊक होतं. तिनंच तर ते खोचलं होतं. आरशात तिची आणि आईची नजर भेटली. एक वाक्य पुरलं असतं. ब्रीडनं कापसाचा बोळा उचलला आणि चेहरा पुसायला घेतला.

"मी आणलं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

मी घरभर आदळआपट केली. आई कणीक मळत शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे निघताना कुणी 'कुठे?' विचारलेलं चालतं का? तसं त्यांचं." मग ती एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागली. तिच्या हातांना ब्लीचचा वास यायला लागला. तो कधी गेला नाही.

ब्रीड मात्र दुसऱ्या प्रयोगात एक शब्द चुकली नाही. पुढे लंडन, मग टीव्ही, मग सिनेमा — राण्या, न्यायाधीश, आणि आता आज्या. आई तिचं प्रत्येक काम शेवटपर्यंत बघते. मी रिमोटकडे हात नेला की म्हणते, "राहू दे." मला वाटायचं, आईनं तिला केव्हाच माफ केलंय. त्याचाही मला राग यायचा.

परवा ब्रीडच्या नव्या नाटकाची वेशभूषाकार माझ्याकडे काळी लोकर घ्यायला आली. घासाघीस करू लागली. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तो भाव. एकच अट. तुमच्या बाईंनी माझ्या आईला फोन करायचा." आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा भाव कबूल केला.

आणि रविवारी दुपारी खरंच फोन आला. आवाज म्हातारा झाला होता, पण गाव अजून त्यात होतं.

"तुझ्या पिसाचा काही दोष नव्हता," ती म्हणाली. "ओळी दुपारपासूनच निसटत होत्या. मला माहीत होतं, मी पडणार. कशावर तरी ढकलायला हवं होतं... सूमन आहे का? हे मला तिला सांगायचंय."

इतकी वर्षं मला जे हवं होतं, ते माझ्या मुठीत आलं होतं. मी धावतच आईच्या खोलीत गेले. ती खिडकीशी टक्क जागी बसली होती.

"आई, ब्रीडबाई! माफी मागतायत. घे ना."

आईनं फोनकडे पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही.

"सांग, आई झोपलीय."

"आई, अगं —"

"बोलायचं होतं तेव्हा ती माझ्या समोर बसली होती," ती हळूच म्हणाली, आणि शाल नीट ओढून घेऊन तिनं डोळे मिटले.

मी फोन कानाला लावला. "झोपलीय ती," मी म्हटलं.