फुकट फौजदार

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, विजेच्या ऑफिसात कारकून आहेत. तिथे त्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही. पण घरी कॉम्प्युटर उघडला की ते शहराच्या मदत-ग्रुपचे मॉडरेटर. लाखभर सभासद; कुणाची पोस्ट ठेवायची, कुणाची उडवायची, सगळं यांच्या हातात. पगार? छदाम नाही. जाहिरातींचा मलिदा खाते ती ग्रुपची वेबसाइट चालवणारी कंपनी. यांच्या नावापुढे तिने एक निळी ढाल चिकटवून दिली आहे, आणि तेवढ्यावर स्वारी खूश.

त्यांचा लाडका नियम असा: शीर्षकात भागाचं नाव हवंच. नसेल तर पोस्ट न वाचताच कचऱ्यात. "लिहिणाऱ्याचं नाव मी बघतच नाही, नियम बघतो," असं जेवताना ताठ मानेने सांगतात. लोकांना त्यांची कीव येते, मला चीड येते.

परवा सुट्टीच्या दिवशी ताई औषधं आणायला निघाली. तिच्या सासूबाईंना हल्ली काही आठवत नाही, म्हणून जाताना तिने भाऊजींना बजावलं, "आईंकडे लक्ष ठेवा." परत आली तर दार सताड उघडं आणि खुर्ची रिकामी.

"अहो, आई कुठायत?"

"असतील इथेच," आतल्या खोलीतून आवाज आला. "थांब जरा, इथे पार्किंगवरून जुंपलीय."

ती अनवाणीच धावली. मला फोन केला आणि रस्त्यात उभी राहून ग्रुपवर लिहिलं, 'तातडीने मदत हवी'. खाली सासूबाईंचं वय, हिरवा स्वेटर, आपल्या गल्लीचं नाव, सगळं होतं. पण ते खाली, शीर्षकात नाही. थोड्याच वेळात पोस्ट गायब. वर ताईलाच ताकीद: 'नियमभंग. पुन्हा केल्यास बंदी.'

आम्ही दोघींनी सगळा भाग पालथा घातला. रडकुंडीला येऊन परतलो, तर दारात एक शिंपी सासूबाईंचा हात धरून उभा. त्या त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. बेल वाजली म्हणून भाऊजीही बाहेर आले होते.

"पोस्ट वाचली, 'माझ्याकडे आहेत' असं लिहायला गेलो, तर उडालेली!" शिंपी वैतागून म्हणाला. "गल्ली लक्षात राहिली म्हणून बरं. कोण गाढव बसवलंय हो तिथे?"

ताईने भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ऐका आता, मी मनात म्हटलं.

सासूबाई मात्र शिंप्यावरच उखडल्या. "गाढव कुणाला म्हणता? माझा मुलगा असतो तिथे. मोठा साहेब आहे!"

मग भाऊजींकडे वळून त्यांनी अदबीने विचारलं, "तुम्ही ओळखता का हो त्याला?"