सकाळच्या हॉलमधली दिवेलागण

मंडळी, मी प्रकाशयोजनेचं काम कुठल्या कॉलेजात नाही, हाताने शिकलो. म्हणून आज विद्यानगरच्या प्रकाशयोजनेच्या कार्यशाळेत शिकवणाऱ्या मॅडमनी ‘शरीरातलं घड्याळ’ हा विषय काढला तेव्हा ठणकावून म्हटलं, “मॅडम, माझं घड्याळ फसत नाही.”

“बघू की, काका!”

हॉलला खिडकी नव्हती. बोलता बोलता त्यांनी दिवे इतक्या सावकाश पिवळट, मंद करत नेले की माझ्यासारख्यालाही कळलं नाही. सगळे जांभया देऊ लागले. मग एकदम लख्ख दिवा लागला आणि माझे हात आपोआप जोडले गेले, घरी दिवेलागणीला जोडतो तसे. शेजारच्या तेलुगू इंजिनियरचेही जोडलेले होते. बाहेर सकाळचं ऊन होतं. कुणी हसलं नाही.

मला अक्का आठवली. माझी थोरली बहीण जवळच नारायणगुड्यात एका दवाखान्यात बिनखिडकीच्या खोलीत आहे. तिथले दिवे रात्रंदिवस सारखेच. भरदुपारी ती विचारते, “शुभंकरोती म्हटलंस का रे?” तिला भ्रम झालाय असं धरून तिचा मुलगा, माझा भाचा, तिला कायमचं वृद्धाश्रमात ठेवणार आहे.

तडक तिथे गेलो. नर्सबाई म्हणाल्या, “खिडकीवाला बेड खाली नै, साब.” मग मीच तिला चाकाच्या खुर्चीवरून गच्चीत नेलं.

अक्काने डोळे किलकिले केले, माझं मनगट घट्ट धरलं आणि कुजबुजली, “एवढ्या रात्री ऊन कुणी लावलं रे?”

भाच्याला बजावलंय, आधी खिडकी, मग निर्णय. तुमचं कुणी अशा खोलीत आहे का? आत्ता दिवस आहे की रात्र, एवढंच त्यांना विचारून पाहाल?