अमेरिकन खून आणि वेल्ह्याचा जागल्या

सर्व लहानथोरांस कळविण्यात येते की, भोर मुक्कामी एका अमेरिकन खुनाचा तपास साफ चुकला होता आणि त्या चुकीत प्रस्तुत लेखकाचा हात होता.

महायुद्धाचा काळ. मी भोरात मास्तर होतो. बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये, खिडक्यांना कांबळी लावून, दुपारी सिनेमाचा खेळ व्हायचा. एकदा इंग्रजी बोलपट आला. मालकाने मला पडद्याशेजारी स्टुलावर उभं केलं. साहेब बोलला की मी मराठीत ओरडायचं! रिळं सकाळीच कापूरहोळहून आलेली. मी चित्र पाहिलेलंच नव्हतं. पण हे लोकांना कशाला सांगा?

पहिल्या बाकावर वेल्ह्याकडचा एक म्हातारा जागल्या होता, पाच-सहा सोबती घेऊन डोंगर उतरून आलेला. चोराच्या पावलाचा ठसा टोपलीखाली झाकून ठेवायचा आणि माग काढत पार चोराच्या चुलीपर्यंत जायचं, अशी त्याची ख्याती. आमच्याकडे चोरी झाली की पहिली हाक गाव राखणाऱ्या जागल्याला. पाटील, फौजदार मागाहून.

पडद्यावर हॉटेलात एका शेठचा खून झाला. सगळी माणसं पिठात लोळल्यासारखी गोरी. एकटा सामान उचलणारा गडी तेवढा आपल्या रंगाचा, अंगात पितळी बटणांचा कोट. खुन्याला दार त्यानेच उघडलं. आम्हाला खुन्याची पाठ दिसली. चेहरा त्या गड्याने पाहिला.

"मास्तर, ह्यो तितला जागल्याच न्हवं?" म्हातारा ओरडला.

"तसंच समजा."

"मंग खुनी ह्योच धरनार!"

मला चेव आला. "अचूक! पुढे हाच धरतो!"

शेडभर शिट्ट्या. म्हाताऱ्याने मिशीवर ताव देत सोबत्यांना सुनावलं, "ऐकलंसा? मास्तर सोता सांगत्यात!"

झालं! माझा शब्द आता त्या गड्याच्या हाती. गुप्त पोलीस साहेब आला. शेठच्या बायकोला विचारलं, डॉक्टरला विचारलं, पुतण्याला विचारलं. आमचा गडी मागून बॅगा घेऊन नुसता जा-ये करत होता.

"मास्तर, कवा?"

"आत्ता, आत्ता!"

एकदाचं त्याने तोंड उघडलं. म्हणाला, "येस सर." एवढंच! मी छाती फुगवून गरजलो, "साहेब, खुनी डाव्या पायानं अधू आहे! गालिच्यावरचे ठसे बघा!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. पडद्यावरच्या साहेबाने मात्र गड्याच्या हातात आपली टोपी दिली आणि स्वतः जिना चढून गेला. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. सोबती म्हाताऱ्याकडे बघतायत, तो माझ्याकडे बघतोय आणि मी स्टुलाकडे.

शेवटी सगळे गोरे दिवाणखान्यात जमले. गडी कुठेच नाही. साहेबाने एक भलंमोठं वाक्य टाकलं. माझ्याजवळच्या थापा संपल्या होत्या. पडेल आवाजात मी खरा अर्थ सांगितला, "या हॉटेलातल्या एकूण एक माणसाला मी विचारलं आहे."

म्हातारा ताडकन बाकावर चढला. त्याच्या मुंडाशाची सावली थेट साहेबाच्या तोंडावर पडली. आता काठी माझ्या पाठीत बसणार म्हणून मी स्टुलावरून उतरू लागलो. पण काठी रोखली होती पडद्याकडे.

"खोटं बोलतोस व्हय रं सायबा? दार ज्यानं उघडलं, त्याला कुटं इचारलंस?"