कांचनाच्या आळ्यातलं सोनं

त्या झाडाने माझा जीव नको केला होता. आमच्या पनवेलच्या घरासमोर, फाटकाला लागून कांचन होता. सासूबाईंनी हौसेने लावलेला, निव्वळ शोभेसाठी. दिवाळीच्या सुमाराला जांभळट गुलाबी फुलांनी भरून जायचा. सासूबाई गेल्या आणि पुढच्याच पावसात त्याच्या पानांवर तपकिरी ठिपके उठले. ठिपक्याभोवती पिवळी कड, मग पान करपायचं आणि गळायचं. श्रावणात सगळी झाडं हिरवीगार आणि आमचं तेवढं बोडकं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, दिवसभर ओटीवर त्या झाडाकडे तोंड करून बसायचे. आधीच कमी बोलणारा माणूस, सासूबाई गेल्यावर तर तोंडाला कुलूपच लागलं. एखादी फांदी वाळली की त्या दिवशी जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे. मला धास्ती झाडाची नव्हती, त्यांची होती. हे झाड गेलं तर हा म्हातारा काही पुढचा पाऊस बघत नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. आमचे हे मुंबईला नोकरीला, शनिवारी यायचे, झाडाकडे बघून "अरेरे" म्हणायचे आणि सोमवारी पहाटे एस.टी. पकडायचे. त्यांच्या त्या "अरेरे"ने मला अस्सा संताप यायचा!

शेजारी शेतकी खात्यातले एक साहेब बिऱ्हाडाला आले होते. त्यांनी कुंपणावरूनच सांगितलं, "वहिनी, बुरशी आहे ही. मोरचूद आणि चुना मारा." सांगायला काय जातंय! मोरचुदाचे निळे खडे फोडून एका मडक्यात भिजवायचे, कळीचा चुना दुसऱ्यात विरवायचा, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतायचं. लोखंडी बादली चालत नाही, मोरचूद ती खाऊन टाकतं. वर कोयत्याचं पातं बुडवून बघायचं. त्याच्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, आणि तसंच मारलं तर पानं जळतात. हे सगळं घरचा स्वयंपाक, धुणी, पाणी सांभाळून. फवारायला पंप कुठला? रंगपंचमीची पितळी पिचकारी घेऊन मी स्टुलावर चढायची. पानांच्या खालच्या बाजूलाही बसलं पाहिजे म्हणून मान वर करून मारायचं, आणि निम्मं माझ्याच तोंडावर. पदराला निळे डाग. चुन्याने बोटांना भेगा पडलेल्या, त्या हातांनी तिखटमीठ कालवताना डोळ्यांत पाणी यायचं.

आणि पनवेलचा पाऊस! उघडीप बघून फवारावं, तर संध्याकाळच्या आत सर येऊन सगळं धुऊन न्यायची. की पुन्हा मडकी, पुन्हा चुना. उरणकडून मासळी घेऊन येणारी बाई पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "वयनी, कशाला मरतंस? यात काय नाय ऱ्हायलं. तोडा नि घाला चुलीत." मी तिच्यावर खेकसायची. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच यायचं.

असे लागोपाठ पावसाळे गेले. दर वर्षी फवारा, दर वर्षी ठिपके. शेवटी एका वैशाखात साहेब स्वतः फाटक उघडून आत आले. त्यांना माझ्या चुन्याची शंका असावी. झाडाखाली वाकले, काठीने आळं उकरलं आणि म्हणाले, "अहो, ही पानं इथे कशी?"

ती पानं दसऱ्याची. खरा आपटा जवळपास नव्हता, म्हणून शेजारपाजारचे सगळे आमच्या कांचनाचीच पानं सोनं म्हणून न्यायचे आणि संध्याकाळी तीच आम्हाला द्यायला यायचे. सोनं पायदळी जाऊ नये, म्हणून सासूबाईंनी रीत पाडली होती. आलेली पानं केरात टाकायची नाहीत, झाडाच्या आळ्यात ठेवायची, वर थोडी माती. त्या गेल्यावर मामंजी ते काम करायचे. म्हणजे सगळ्या गावात वाटलेला रोग आम्ही पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून परत झाडाच्या पायाशी आणून घालत होतो! "बुरशी या पानांतच मुक्काम करते आणि पाऊस पडला की वर झाडावर चढते. पावसाच्या आत एकूण एक पान काढून जाळा," साहेब म्हणाले. "नाहीतर फवारणी फुकट आहे. यंदा झाड टिकायचं नाही."

मामंजी ओटीवरून ऐकत होते. एवढंच म्हणाले, "सोनं जाळतात होय?" आणि आत गेले.

मी डोकं आपटून घ्यायची बाकी राहिले. दुपारी ते झोपले की गुपचूप उरकून टाकावं, असं रोज ठरवायची. हात झाला नाही. आभाळ भरून यायला लागलं तरी पानं तिथेच.

एका सकाळी चहा घेऊन गेले तर ओटी रिकामी. मामंजी आळ्यात उकिडवे बसले होते. एकेक पान मातीतून काढून, फुंकर मारून, उलटसुलट करून बघत होते. शेजारी त्यांनी टोपली आणून ठेवली होती, आगपेटीसुद्धा.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"शेवटच्या दसऱ्याला तिने मला दिलेलं यातच टाकलं होतं. तिच्यादेखत. कुठलं ते आता कळत नाही गं."

इतके दिवस मी या माणसाला मनातल्या मनात हेकट म्हणत होते. मी शेजारी बसले. कुजून जाळी झालेली, काळी पडलेली, सगळी सारखी पानं. कळणार काय त्यात कपाळ! ऊन चढलं, टोपली भरत आली. तरी ते टोपलीतली पानं पुन्हा काढून बघायला लागले, तसं मी त्यातल्या त्यात धड असलेलं एक पान उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हेच ते," म्हटलं.

त्यांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागे विहिरीपलीकडे जाऊन टोपली रिकामी केली आणि काडी त्यांनीच ओढली. ढीग पेटला. ते पान अजून त्यांच्या मुठीत होतं.

"एवढं एक राहू द्या," मी म्हटलं. "देवघरात ठेवू."

"नको," ते म्हणाले. "एक राहिलं तरी पावसात पुन्हा पिचकारी तुझ्याच हातात. फार दमलीस तू." आणि त्यांनी मूठ उघडली.