शितोळेकाकांच्या नोंदवहीतले दुसरे हस्ताक्षर

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लेखनाची सवयही नाही. निवृत्तीनंतर प्रथमच काही लिहीत आहे, सांभाळून घ्यावे. मी इंदूरचा, भूगोलाचा शिक्षक. समुद्र मात्र नकाशातच पाहिला.

आमच्या इथल्या मराठी मंडळाने यंदा एकट्याने दूरचा सागरप्रवास करूनही अज्ञात राहिलेल्यांचा सत्कार करायचे ठरवले. त्यांत इंदूरजवळच्या महूचे शितोळेकाका होते — फौजेतून निवृत्त झाल्यावर शिडाच्या लहानशा होडीतून गोव्याहून मॉरिशसला एकटे गेलेले. घरच्यांनीसुद्धा ते कधी खरे मानले नव्हते. काकांची विनंती एकच: शाल नको, मानपत्रात 'एकट्याने' एवढा शब्द असावा.

पुराव्यासाठी त्यांनी होडीवरची नोंदवही दिली. तपासणी माझ्याकडे होती. वहीत हस्ताक्षरे दोन निघाली... दुसऱ्यातल्या नोंदी मोजक्याच — वारा, दिशा, आणि एके ठिकाणी, 'तुम्ही झोपा, मी पाहतो.'

ते हस्ताक्षर माझे होते. वही मी त्या दिवशी प्रथमच हातात घेतली होती.

बैठकीत मी हस्ताक्षरे दोन आहेत एवढेच सांगितले. दुसरे कोणाचे, ते सांगितले नाही. काका म्हणाले, झोपून उठल्यावर या नोंदी लिहिलेल्या दिसत. कोण लिहितो, हे त्यांनाही कळले नव्हते.

"भिया, भूत पण मराठी मीडियमचं निघालं," चिटणीस इंदुरी ढंगात म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

'एकट्याने' काढून 'सहकाऱ्यासह' घालायचे ठरले. आमच्याकडे मानपत्र हातानेच लिहितात आणि ते काम माझे. मी वेगळे अक्षर काढण्याचा प्रयत्न केला, जमले नाही.

समारंभ इंदूरच्या लालबागजवळच्या सभागृहात, दुपारी होता. मंचावर काकांनी मानपत्र उघडले आणि त्यातल्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग शांतपणे माझ्याकडे वळले.

"गुरुजी, वहीतलं अक्षर तुमचंच आहे. तुम्ही तर होडीत नव्हता ना? बस, एवढं सांगून द्या यांना."

एवढे सांगितले असते, तर त्यांचा शब्द त्यांना मिळाला असता. पण पुढे लोक मलाच विचारणार होते...

मी माइक घेतला. "काकांचे आता वय झाले आहे," मी म्हणालो, "आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू."

टाळ्या पुष्कळ वाजल्या. काका मानपत्र खुर्चीवर ठेवून निघून गेले.

माझे अक्षर त्या वहीत कसे गेले, याचे स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. मी ते शोधतही नाही — सापडलेच, तर महूला जाऊन काकांना सांगावे लागेल.