खालचं सॉकेट

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक गार्डसाहेब होते. दर रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. बदली होऊन जाताना त्यांनी आपला ॲम्प्लिफायर आमच्या बँजो पार्टीला विकला. यंत्र गिटारचं, पण आमच्या कळीच्या बँजोलाही झकास चालायचं. त्याच्या तोंडावर वायर खुपसायला दोन सॉकेटं होती, एकाखाली एक. वरच्यावर इंग्रजीत हाय, खालच्यावर लो. वाद्याचा आवाज बारीक असेल तर वर लावा, दणकट असेल तर खाली, असं गार्डसाहेबांनी बजावून सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं, माझ्या जोडीदारानंही ऐकलं होतं.

पण बँजो पार्टीत मान नावाची गोष्ट असते. लग्नात मामा कुठं बसणार, व्याही कुठं बसणार हे जसं ठरलेलं असतं, तसं मालकाची वायर वर आणि जोडीदाराची खाली, हे आमच्याकडं ठरून गेलं. मालक मी, खुटबावचा. जोडीदार शिरूरचा, माझ्याहून लहान, कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट करून वाजवायला येणारा. त्याचा बँजो जुना, आवाजानं बारीक. खालच्या सॉकेटात तो आणखीच बारीक व्हायचा. लोकांना फक्त मी ऐकू यायचो. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

मग शिरूरकडच्या एका यात्रेत बँजो पार्ट्यांचा सामना लागला. त्यासाठी मी पुण्याहून तारांचा आवाज उचलणारा जबरदस्त ताकदीचा पिकप आणून माझ्या बँजोला बसवला. वाजवायला सुरुवात केली आणि आवाज फाटला. पत्र्यावर खडी ओतावी तसा. आवाजाचं बटण मागं घेतलं तरी फाटतच होता.

जोडीदार माझ्या कानाशी वाकला. "आप्पा, वायर खाली घ्या. पिकपचा जोर लय झालाय. मी माझी काढतो."

"म्हंजी तू वर आन् मी खाली?"

"आवो, मान कसला बघताय आत्ता? सामना चाललाय हातचा!"

मी वायर हलवली नाही. सामना गेला. मंडपात हशा उठला तो मला सोसवला नाही. मी माईक घेतला आणि पंचांसमोर, सगळ्या यात्रेसमोर सांगितलं, की या माणसानं जळून माझ्या मशीनची बटणं फिरवली. त्यानं बटणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्यानं आपली वायर उपसली. मग बँजो खोळीत घातला आणि निघून गेला.

घरी आल्यावर मी एकट्यानं वायर खालच्या सॉकेटात लावून पाहिली. आवाज स्वच्छ, गोल, कुठंही न चिरणारा आला. मी ॲम्प बंद केला आणि तोंडही.

त्यानंतर दौंड-शिरूरच्या कुठल्याही पार्टीनं त्याला घेतलं नाही. एकदा भांडगावात एका वरातीत तो कडेला उभा होता. पोरं ओरडली, "ओ मामा, मशीनला हात लावू नका!" सगळे हसले. मी त्या वरातीत वाजवत होतो. माझे हात थांबले नाहीत.

अशी बरीच वर्षं गेली. यंदा आमच्या गावच्या यात्रेत जुन्या वादकांचा कार्यक्रम ठरला आणि पहिला मान मला दिला. ऐकल्यापासून मला जेवण जाईना. शेवटी एसटीनं शिरूर गाठलं. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"या आप्पा. मशीन बिघडलं वाटतं परत?"

मी मान खाली घालून आत गेलो. जे बोलायचं होतं ते बोललो. जोडीदार आता कंपनीतून निवृत्त झालेला, केस पांढरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी येतो वाजवायला. पण माईकवर बोललेलं माईकवरच मागं घ्यायचं. घरात बोललेलं मला नको."

यात्रेच्या संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मंडप भरला. स्टेजवर तोच जुना ॲम्प. निवेदक म्हणाला, "आप्पांची वायर वर लावा रे." मी म्हणालो, "थांब," आणि त्याच्या हातातून माईक घेतला.  त्या सामन्यात याचा काहीही दोष नव्हता, हा मला बरोबरच सांगत होता आणि मी खोटं बोललो, असं सगळं सांगितलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "आप्पा, लय उशीर केला!"

"व्हय, लय केला," मी म्हणालो.

मग गुडघे टेकून मी त्याची वायर वरच्या सॉकेटात लावली आणि माझी खालच्यात. त्यानं कळ दाबली, तार छेडली. तो बारीक, जुना बँजो मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत लख्ख पोचला. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्याचा हात असा ऐकलाच नव्हता. तो पुढं, मी मागं, असे आम्ही वाजवत सुटलो. माझा आवाज कुठंही फाटला नाही. बाया उठून पुढं आल्या, म्हातारे काठ्या आपटायला लागले, कुणाच्या टोप्या वर उडाल्या. त्याची बायको पुढच्या रांगेत होती. तिनं एकदाच माझ्याकडं पाहून मान हलवली.

तेवढ्यात गर्दीतून हाक आली, "ओ मामा, लावा की आता मशीनला हात!"

सगळा मंडप हसला. या वेळी तोही हसला. डाव्या हातानं कळ दाबून धरत त्यानं उजवा हात क्षणभर मोकळा केला, ॲम्पवर नेला आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.