खोक्यातलं लोखंड

आमच्या तात्यांइतका रागीट माणूस उंब्रजपासून कराडपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि चुकून सापडलाच तर तात्या आधी त्याच्यावरच चिडतील. तात्या म्हणजे माझे चुलतसासरे. फौजेत त्यांनी बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या आणि जे चालत नाही ते ओरडल्यावर चालतं, हा विश्वास घेऊन ते घरी आले. वीज गेली की ते खांबावर ओरडतात, दूध उतू गेलं की दुधावर. पावसाचा अंदाज चुकला की टीव्हीवरच्या बातम्यावाल्या बाईला जाब विचारतात, आणि ती पुढच्या बातमीकडे वळली की म्हणतात, "बघ, हाय का उत्तर तिच्याकडं?"

पण त्यांचा ठेवणीतला राग खाण्यापिण्यासाठी. सकाळी हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं आणि ज्वारीची भाकरी, याखेरीज नाष्ट्याला दुसरं काही केलं तर त्यांना तो घराण्याचा अपमान वाटतो. लग्नानंतर मी हौसेनं पोहे केले, तर बशीकडे बघून म्हणाले, "कुनी पोरगी बघायला आलंय का?" माडगं लोखंडी कढईतच व्हायला पाहिजे, ही दुसरी अट. शेजाऱ्यांनी नॉनस्टिक तवा आणला तेव्हा तात्या आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. शेजाऱ्यांना कारण अजून कळलेलं नाही.

अशा घरात मी कॉर्नफ्लेक्सचं रंगीत खोकं आणलं, आणि तेही हौस म्हणून नाही. काकींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मी कराडला नोकरीला जाते, तिथल्याच डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी हिमोग्लोबिनचा कागद पाहिला आणि मीच काकींचं रक्त प्यायल्यासारखं माझ्याकडे बघितलं. लोहाच्या गोळ्यांनी काकींचं पोट बिघडायचं, आणि दातही फारसे उरले नव्हते. "गोळ्या बदलून देते, पण खाण्यातूनही लोह जाऊ द्या," बाई म्हणाल्या. दुकानात एका खोक्यावर लोह, ब जीवनसत्त्वं अशी मोठी यादी दिसली, म्हणून मी ते उचललं.

तात्यांनी चष्मा लावून ती यादी वाचली आणि घर डोक्यावर घेतलं. "आदी धान्याचं सत्त्व काढायचं, मग कारखान्यातलं वरनं शिपडायचं, आन् त्येचीच जाहिरात करायची! चोर आपलाच तांब्या आपल्याला इकतोय, आन् तू शिकल्याली बाई घेतीस!" मग त्यांनी जुन्या कर्ण्यातलं चुंबक शोधून काढलं. मूठभर फ्लेक्स खलबत्त्यात कुटले, पाण्यात कालवले आणि त्यातून चुंबक फिरवलं. त्याला खरोखरच बारीक काळी भुकटी चिकटली. रागाच्या भरात माणूस इतका आनंदी झालेला मी कधी पाहिला नव्हता. पुढे पोस्टमन, दूधवाला, लग्नाच्या बोलणीसाठी औंधहून आलेले पाहुणे, सगळ्यांना चहाआधी हा प्रयोग बघावा लागला. "खिळं चारतीया सून!" असा त्याचा शेवट असायचा. खाण्यातलं लोह म्हणजे लोखंडच, कढईतून उतरतं तेही तेच, हे मी सांगून थकले. "कढई आपली हाय," ते म्हणाले.

एके सकाळी त्यांनी ते खोकं नेऊन अंगणात कोंबड्यांपुढे ओतलं. सासऱ्यांपुढे आवाज चढवायचा नाही ही आमच्याकडची रीत. ती मी त्या दिवशी मोडली.

"तात्या, कढईतलं लोखंड काकींच्या पोटात जात असतं तर ही वेळ आली असती का? माडगं तुम्ही खाता, गडी खातात, शेतात तण भांगलायला आलेल्या बायका खातात. काकींना काय उरतं? खरवड आणि चहा!"

तात्यांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात काकी पदराला हात पुसत दारात आल्या.

"आवं, त्यात लोखंड हाय का दगुड, मला काय कळतंय. पन ते रांधावं लागत न्हाई. दूध वतलं की झालं. चाळीस वर्सांत पयल्यांदा मी तुमच्या बरुबरीनं बसून खाल्लं बघा."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. तात्यांनी कोंबड्यांपुढचं रिकामं खोकं उचललं. मग गाडी काढून बाजारात गेले आणि तशीच दोन खोकी घेऊन आले.

राग गेला असं कुणी समजू नये, त्यानं फक्त बाजू बदलली. आता प्रत्येक नव्या खोक्याची चुंबकानं तपासणी होते. मागे भुकटी कमी निघाली, तर खोकं घेऊन तडक दुकानात गेले आणि भर गर्दीत ओरडले, "माज्या बायकूच्या वाट्याचं लोखंड कुनी खाल्लं रं?" काकी खायला बसल्या की समोर बसून दटावतात, "दूध पिऊन टाक. लोखंड तळाला ऱ्हातंय त्यात."

परवा मी जरा लवकर उठले. तात्या एकटेच माडगं ढवळत होते, गुठळ्यांना शिव्या देत. मला बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"पोरी, चाळीस वर्सं ती जेवायची कवा गं?"

मीही ते कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून काकींनी भरलेला डबा घेऊन मी सकाळी घर सोडते, आणि रात्री पहिल्याच पंगतीला बसते.